न दिसणारी ढाल

सेनापतींनीं आत्मवृत्त लिहिण्याची परंपरा फार जुनी आहे. सीझरनें गॉलच्या स्वाऱ्यांचा वृत्तांत लिहिला तो स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषीं करून; आणि तेव्हांपासून या वाङ्मयप्रकारास जी खोड जडली ती अद्याप सुटलेली नाहीं. लेखक पडद्याआड उभा राहतो, घटना जणूं आपोआप घडत जातात, जय मिळाला तर तो सेनापतीच्या योजनेचा आणि अपयश पदरीं आलें तर तें हवामानाचें किंवा मंत्रिमंडळाचें. गुप्तपोलीसखात्याच्या प्रमुखानें लेखणी हातीं धरली म्हणजे तर याहून बिकट प्रसंग ओढवतो. जें वाचनीय असतें तें छापण्यास मनाई असते, आणि जें छापतां येतें तें वर्तमानपत्रांतून आधींच येऊन गेलेलें असतें. अशा ग्रंथांचा अनुभव गांठीं असल्यामुळें अमी आयालोन यांचें 'फ्रेंडली फायर' हें पुस्तक आम्हीं फारशा उत्साहानें उघडलें नव्हतें. वाचून खालीं ठेवलें तेव्हां मात्र मन अस्वस्थ झालें होतें. आणि ती अस्वस्थता सर्वस्वी लेखकाच्या पक्षाची नव्हती, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

आयालोन हे १९९२ ते १९९६ या काळांत इस्रायलच्या नौदलाचे सेनापति होते. १९९६ पासून २००० पर्यंत त्यांनीं 'शिन बेत' या अंतर्गत सुरक्षाखात्याची सूत्रें सांभाळलीं. २००६ सालीं ते मजूर पक्षातर्फे तेथील संसदेंत, म्हणजे क्नेसेटमध्यें, निवडून गेले आणि पुढें कांहीं काळ मंत्रीही झाले. अँथनी डेव्हिड यांच्या साहाय्यानें लिहिलेलें त्यांचें हें इंग्रजी पुस्तक २०२० सालीं प्रसिद्ध झालें. रणांगणावर चुकून आपल्याच सैनिकाची गोळी आपल्याच सैनिकास लागते, त्या प्रकारास लष्करी बोलींत जें नांव आहे तेंच ग्रंथाचें नांव. आणि इस्रायल स्वतःचाच सर्वांत मोठा वैरी कसा बनला हें सांगण्याचा हेतु उपशीर्षकांतच नमूद आहे. पुस्तकाच्या जोडीला द्रोर मोरे यांचा 'द गेटकीपर्स' हा २०१२ सालचा बोलपट अवश्य पाहावा. त्यांत शिन बेतचे सहा माजी प्रमुख एकामागून एक कॅमेऱ्यासमोर बसून आपली कैफियत देतात, व आयालोन हे त्या सहांपैकीं एक आहेत. इस्रायल म्हटलें कीं मराठी वाचकास कोंकणच्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेले आपले शनवार तेली प्रथम आठवतात. परंतु येथें जो प्रश्न आहे तो कोणत्याही राष्ट्रांतील सुजाण माणसास पडावा असा आहे. राज्याचें रक्षण करितांना ज्यानें आपले हात मळविले, त्यानें पुढें सांगितलेलें सत्य आपण कोणत्या तराजूंत तोलावयाचें?

आयालोन यांचा जन्म १९४५ चा. गालिलीच्या सरोवराकांठीं मागान नांवाच्या किब्बुत्झमध्यें, म्हणजे सामायिक शेतीच्या वसाहतींत, ते वाढले. ही वसाहत ट्रान्सिल्व्हानियांतून आलेल्या ज्यूंनीं १९४९ सालीं वसविलेली. नवें राष्ट्र आणि नवें गांव यांच्या बरोबरीनें हा मुलगाही वाढत होता. त्यामुळें राष्ट्राविषयींची शंका ही त्याला स्वतःविषयींच्या शंकेइतकीच अपरिचित असावी यांत नवल नाहीं. अठराव्या वर्षीं तो नौदलाच्या पाणबुड्या कमांडोंच्या पथकांत दाखल झाला. १९६९ च्या १९ जुलैच्या रात्रीं सुएझच्या आखातांतील 'ग्रीन आयलंड' या इजिप्तच्या तटबंदीवर या पथकानें छापा घातला. पाण्याखालून पोहत जाऊन चढाई करावयाची होती. सहा इस्रायली सैनिक मारले गेले. आयालोन जखमी झाले तरी लढत राहिले, आणि त्यांस इस्रायलचें शौर्याचें सर्वोच्च पदक मिळालें. दुसऱ्याच रात्रीं माणसानें चंद्रावर पाऊल ठेवलें, आणि जगाचे डोळे तिकडे लागले. असो. पुढें राजकारणांत त्यांच्या नांवामागें जें वलय राहिलें तें या एका रात्रीचें. त्यानंतरच्या चाळीस वर्षांच्या विचारानें त्यांत फारशी भर घातली नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते व तिच्याकडे आम्ही पुढें वळणारच आहोंत.

बोलपटांत आयालोन यांनीं लहानपणाची एक आठवण सांगितली आहे. जेरुसलेममध्यें एक घर आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ आहे, बोळाच्या टोकाला एक दार आहे, आणि त्या दाराआड एक शहाणा वृद्ध पुरुष आपल्या सर्वांच्या वतीनें विचार करीत बसलेला आहे, अशी त्या बालमनाची दृढ समजूत होती. तो वृद्ध म्हणजे अर्थात् बेन गुरियन. १९७३ च्या युद्धानंतर कांहीं वर्षांनीं कामानिमित्त त्या इमारतींत जाण्याचा योग आला, तेव्हां दुसरा मजला होता, बोळही होता. परंतु टोकाला दार नव्हतें, आणि विचार करणाराही कोणी नव्हता. एवढी एकच आठवण ज्याच्या गांठीं आहे त्याला लेखक म्हणावयास आम्ही तयार आहोंत. आपल्याकडेही असा एक बोळ प्रत्येकाच्या मनांत असतो. फक्त मजला व शहर वेगळें असतें. तथापि या दृष्टान्ताची एक बाजू आयालोन यांनीं पुरेशी तपासलेली दिसत नाहीं. कालांतरानें ते स्वतःच त्या बोळाच्या टोकाला जाऊन बसले. दाराबाहेर उभ्या असलेल्या हजारों माणसांना तेव्हां असेंच वाटत असणार कीं आंत बसलेला हा पुरुष विचार करीत आहे.

ते तेथें कसे बसले हाही एक करुण योगायोगच. ४ नोव्हेंबर १९९५ रोजीं तेल अवीवमध्यें पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा यिगाल अमीर या ज्यू तरुणानेंच खून केला. पंतप्रधानांचें संरक्षण हें शिन बेतचें काम. तेव्हां प्रमुख कार्मी गिलोन यांनीं पद सोडलें आणि शिमोन पेरेस यांनीं नौदलांतून आयालोन यांस आणलें. खात्यांत न वाढलेला माणूस खात्याच्या शिरावर आला. तोंवर या पदावरील व्यक्तीचें नांव गुप्त ठेवण्याचा, केवळ एका आद्याक्षरानें तिचा उल्लेख करण्याचा प्रघात होता. नेमणुकीच्या वेळींच ज्यांचें नांव जाहीर झालें असे पहिले प्रमुख म्हणजे आयालोन. खात्याचें हिब्रू ब्रीद आहे त्याचा आशय असा कीं आम्ही रक्षण करूं आणि दिसणार नाहीं. न दिसणारी ढाल! या ढालीला प्रथम चेहरा मिळाला तो यांचा, आणि तोही त्या ढालीस पडलेल्या सर्वांत मोठ्या भगदाडानंतर.

या चार वर्षांचें त्यांचें वर्णन हा ग्रंथाचा गाभा होय. नौदलांत असतां शत्रु म्हणजे दुर्बिणींतून दिसणारें लक्ष्य होतें. शिन बेतमध्यें आल्यावर कागदोकागदीं पॅलेस्टिनी माणसांचीं घरें, भांडणें, लग्नें, भीति हीं वाचावीं लागलीं, आणि तीं लक्ष्यें नसून एक लोकसमाज आहे हें प्रथमच उमगलें, असें ते सांगतात. ज्या खात्याचें कामच मुळीं दुसऱ्याच्या खाजगी जीवितांत डोकावण्याचें, त्याच खात्यानें एका माणसाला दुसऱ्याचें माणूसपण दाखवावें, हा विरोधाभास विलक्षण आहे. त्यांचा राजकीय निष्कर्षही येथेंच जन्मला. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें आत्मघातकी स्फोटांनीं देश हादरला होता; दशकाच्या अखेरीस ते पुष्कळ कमी झाले. याचें श्रेय एखाद्या सामान्य अधिकाऱ्यानें आपल्या खात्याला देऊन टाकलें असतें. आयालोन म्हणतात कीं पॅलेस्टिनी सुरक्षादलें आमच्याशीं सहकार्य करीत होतीं, आणि तीं सहकार्य करूं शकलीं याचें कारण त्यांच्या लोकांना आपलें राज्य होणार अशी आशा होती. आशा संपली कीं तेंच लोक स्फोट करणाऱ्यामागें उभे राहतात. कारण गमावण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहींच उरलेलें नसतें. सुरक्षेच्या शास्त्रांत आशा हा घटक आणून बसविणारा हा बहुधा पहिलाच हेरप्रमुख असेल.

परंतु याच चार वर्षांत त्या दाराआड आणखीही कांहीं चाललें होतें. १९८७ च्या लांडाऊ आयोगानें चौकशीच्या वेळीं 'मध्यम प्रमाणाचा शारीरिक दबाव' वापरण्यास मुभा दिली होती. मध्यम हा शब्द कसा लवचिक आहे पाहा! खांदे धरून कैद्यास गदगदां हलविणें, वेदनादायक अवस्थेंत तासन्‌तास बांधून ठेवणें, झोप घेऊं न देणें, या सर्वांचा त्यांत समावेश होत असे. ६ सप्टेंबर १९९९ रोजीं इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानें या पद्धति बेकायदा ठरविल्या, तेव्हां खात्याचे प्रमुख आयालोनच होते. म्हणजे हा निर्णय न्यायालयानें दिला. बोळाच्या टोकाला बसलेल्या माणसानें तो आपण होऊन घेतलेला नव्हता. ग्रंथकर्त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनांत संशय नाहीं, परंतु त्याच्या विवेकाचा कालक्रम मांडतांना ही तारीख वाचकानें नजरेआड करूं नये.

निवृत्तीनंतर ते नेताफीम या ठिबक सिंचनाचें साहित्य करणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष झाले. तिच्या नळ्या महाराष्ट्रांतील उंसाच्या मळ्यांतही पसरलेल्या आहेत. या अवधींतील लंडनमधील एक प्रसंग त्यांनीं बोलपटांत सांगितला आहे. दुसऱ्या इंतिफादाचे ते दिवस. रक्तपात शिगेस पोंचला होता. एका परिषदेच्या मधल्या वेळांत गाझाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एयाद सर्राज त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले कीं अखेर आम्हीं तुम्हांस जिंकलें. आयालोन चकित झाले. तुमचीं माणसें मरत आहेत, राज्याचें स्वप्न दूर चाललें आहे, मग हा विजय कसला? सर्राज यांच्या उत्तराचा भाव असा कीं तुम्हांस दुःख भोगतांना पाहणें हाच आमचा विजय. आम्ही भोगूं तितकें तुम्हीही भोगाल. पन्नास वर्षांनीं तराजू समतोल झाला आहे. मनाचे रोग बरे करणाऱ्या वैद्यानें हें बोलावें, आणि हेरप्रमुखानें तें जन्मभर विसरूं नये! सर्व लढाया जिंकून युद्ध हरण्याची जी कल्पना आयालोन यांनीं पुढें मांडली, तिच्याजवळ हा प्रसंग ठेवून वाचावा.

२००२ सालीं त्यांनीं पॅलेस्टिनी तत्त्वज्ञ सारी नुसैबा यांच्यासह एक मसुदा तयार केला. तो एका पानांत मावणारा होता. दोन लोकांचीं दोन राज्यें. १९६७ ची रेषा आधारभूत, फेरफार करावयाचे तर समान भूमीच्या अदलाबदलीनें. जेरुसलेम दोघांचीही राजधानी. निर्वासितांनीं परत यावयाचें तें पॅलेस्टिनी राज्यांतच. आणि त्या राज्यानें सैन्य बाळगावयाचें नाहीं. नेत्यांकडे न जातां हा कागद दोघांनीं लोकांकडे सह्यांसाठीं नेला, आणि कांहीं वर्षांत दोन लाखांवर इस्रायली व दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी सह्या झाल्या. या कागदांत दोघांनींही आपापल्या समाजाच्या काळजाला हात घातला होता. नुसैबा यांनीं परतीच्या हक्कावर पाणी सोडलें म्हणून त्यांच्यावर त्यांच्या समाजांत जो रोष झाला तो आयालोन यांस सोसावा लागलेल्या टीकेपेक्षां हलका खास नव्हता. दोघांतला एक लष्करी पदकांचा मानकरी आणि दुसरा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. धैर्याचें माप कोणाच्या पदरीं अधिक घालावें, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

आतां राजकारण. हा भाग आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटला. इस्रायलांत सेनापतीनें पुढारी होणें ही अपूर्वाई नव्हे. राबिन, बाराक आणि शारोन हे तिघेही सैन्यांतून पंतप्रधानपदापर्यंत पोंचले. मतदाराची तेथील समजूत साधी दिसते. ज्यानें शत्रूस मारलें आहे तोच शत्रूशीं तह करण्यास पात्र. आयालोन यांजवळ पदक होतें, नौदल होतें, हेरखातें होतें, शिवाय तहाचा मसुदाही होता. २००६ च्या उन्हाळ्यांत लेबनॉनचें युद्ध झालें आणि सरकारची नाचक्की झाली. पंतप्रधान ओल्मर्ट यांनीं जावें असें आयालोन उघड म्हणूं लागले. २००७ च्या मे महिन्यांत मजूर पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक झाली, तींत बाराक पहिले व आयालोन दुसरे आले. १२ जूनच्या दुसऱ्या फेरींत बाराक यांस सुमारे ५१ टक्के आणि आयालोन यांस सुमारे ४८ टक्के मतें पडलीं. थोडक्यांत हुकलें. येथवर ही पराजयाची गोष्ट आहे, आणि पराजयांत लाज नाहीं. परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, ज्यांनीं जावें म्हणून हे बोलत होते त्याच ओल्मर्ट यांच्या मंत्रिमंडळांत, हे बिनखात्याचे मंत्री होऊन बसले! वर्ष-सव्वा वर्षानें पक्ष सोडला, मेइमाद नांवाच्या लहान पक्षाकडे गेले, आणि लवकरच निवडणुकीच्या राजकारणांतूनच बाहेर पडले.

गणवेषांतील अधिकाऱ्यानें सरकारच्या धोरणाविरुद्ध बाहेर बोलूं नये, हा लोकशाहीचा संकेत आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून २००० पूर्वींच्या मौनाबद्दल आयालोन यांस आम्ही दोष देणार नाहीं. २००९ नंतर त्यांजवळ केवळ वाणी उरली. मधल्या दीड-दोन वर्षांत मात्र आज्ञेचें बंधन नव्हतें आणि मंत्रिमंडळाचें दारही उघडें होतें. लोकांनीं अनेक पानांवर माफी दिली असती, ती या पानावर देणें जड जातें. नौकेवर हुकूम सुटला कीं तो पाळला जातो; हेरखात्यांत कागदावर सही झाली कीं काम होतें. पक्षामध्यें ज्याला हुकूम द्यावयाचा त्यालाच आधीं विनवावें लागतें, आणि ही कला सेनापतीस वयाच्या साठाव्या वर्षीं शिकतां येत नाहीं. शिवाय मतदारास त्यांचें पदक हवें होतें, त्यांची शंका नको होती. शत्रूसही आशा लागते असें सांगणारा वीर पाहून पुष्कळांस वाटलें असेल कीं हा तो ग्रीन आयलंडचा आयालोन नव्हेच.

येथें एका सोयीस्कर समजुतीचें निरसन केलें पाहिजे. 'द गेटकीपर्स' पाहून प्रेक्षकास वाटतें कीं शिन बेतच्या खुर्चीचाच हा गुण आहे. तिच्यावर बसणारा प्रत्येक जण शेवटीं शांततावादी होतो. पण आयालोन यांच्यामागून त्याच खुर्चीवर बसलेले अवी दिख्तर हेही त्याच बोलपटांत आहेत. तेही राजकारणांत गेले, आणि २०२२ च्या अखेरीस बनलेल्या नेतान्याहूंच्या सरकारांत मंत्री झाले. एकाच खुर्चीवर लागोपाठ बसलेल्या दोघांनीं तेच कागद वाचले आणि अगदीं निराळे अर्थ काढले. तेव्हां आयालोन यांच्या परिवर्तनाचें श्रेय खुर्चीस नाहीं, त्यांसच आहे. त्याबरोबर त्याची जबाबदारीही त्यांचीच.

आमचा मुख्य आक्षेप पुस्तकाच्या नांवावरच आहे. आपल्याच गोटांतून सुटलेली गोळी आपल्यासच लागली, हें या ग्रंथाचें सूत्र. भीतीनें प्रेरित झालेला आणि मौन धरून बसलेला निधर्मी बहुसंख्य समाजच देशास अंधारांत नेईल, ही त्यांची तक्रार मर्मभेदी आहे. आपल्या शेजाऱ्यांचा झालेला अपमानही ते विसरत नाहींत. तरी शेवटीं जमेस धरला जातो तो स्वतःच्या समाजाचा तोटा. पॅलेस्टिनी माणूस या कथेंत येतो तो बहुधा लेखकास एखादा धडा देण्यासाठीं. धडा दिला कीं तो निघून जातो. त्याला लागलेली गोळी कांहीं मित्राची नव्हती. बोलपटांतही सहा द्वारपाल बोलतात, आणि ज्यांच्यावर दार लोटलें गेलें त्यांपैकीं मुलाखतीस एकही बसलेला नाहीं. व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्यावरील 'द फॉग ऑफ वॉर' या २००३ च्या बोलपटाविषयीं हाच आक्षेप घेतां येईल. पश्चात्ताप हाही अखेर पश्चात्ताप करणाऱ्याभोंवतींच फिरतो. मॅक्नमारांनीं मात्र आपली चूक ग्रंथांत कबूल केली ती १९९५ सालीं, युद्ध संपून वीस वर्षें झाल्यावर. आयालोन यांचें युद्ध चालू होतें. हा फरक लहान नव्हे. ७ ऑक्टोबर १९२३ नव्हे, २०२३ च्या त्या भयंकर दिवसानंतर, देश सूडानें पेटला असतांही, पॅलेस्टिनी नेते मारवान बर्गूती यांस तुरुंगांतून सोडा, तह त्यांच्याशींच होऊं शकेल, असें ते २०२४ च्या जानेवारींत बोलले. लष्करी उद्दिष्टें साधल्यावर हें युद्ध न्याय्य राहिलें नाहीं, असेंही २०२५ मध्यें म्हणाले. अशा वेळीं असें बोलण्यास ग्रीन आयलंडपेक्षां कमी छाती लागत नसेल.

सूत्राबाहेर पडणारी एक जागा पुस्तकांत आहे, आणि आमच्या मतें ती सर्वांत मोलाची. आयालोन यांचें घर हैफाच्या दक्षिणेस केरेम महराल या खेड्यांत आहे. १९४८ च्या जुलैपर्यंत तेथें इजझिम नांवाचें अरब गांव होतें. त्या महिन्याच्या अखेरीस इस्रायली सैन्यानें तें घेतलें व गांवकरी परागंदा झाले. ग्रंथकार ही गोष्ट झांकून ठेवीत नाहीं. इतरत्र तो सेनापतीच्या नजरेनें नकाशा पाहतो. येथें स्वतःच्या घराच्या भिंतीकडे पाहतो, आणि त्याची भाषा अडखळूं लागते. त्या घरासंबंधीं त्यांनीं आणखी वीस पानें लिहिलीं असतीं, आणि तेवढ्यासाठीं नौदलाच्या मोहिमांचीं चाळीस गाळलीं असतीं, तरी आमची कांहीं तक्रार नव्हती.